फरशी बदलण्याआधी घरभर मांडलेला उंच्यांचा हिशेब

घरातली फरशी बदलायचं आमच्या डोक्यात बरीच वर्षं होतं, पण मनावर घेतलं ते आईमुळे. तिचे गुडघे दुखायला लागल्यापासून मागच्या खोलीच्या दारातला बारीकसा चढ तिला जाचायला लागला. धडधाकट माणसाच्या लक्षातही येणार नाही एवढाच चढ, पण पाय पुरेसा उचलला गेला नाही की बोटं त्यालाच ठेचायची. म्हणून टाइल्सचा रंग, चकाकी वगैरे बोलणी मी बाजूला ठेवायला लावली आणि एकच अट घातली: एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाताना पाय कुठेही उचलावा लागता कामा नये. पुढचं सगळं नियोजन त्या अटीभोवती झालं.

मिस्त्री पाहणीला आले ते पारदर्शक लेव्हल नळी घेऊन. हल्ली लेझर लेव्हल सगळीकडे दिसते, पण त्यांचा विश्वास पाण्यावर. नळीत पाणी भरून दोन्ही टोकं शेजारी धरली आणि आतला बुडबुडा न् बुडबुडा टिचक्या मारून वर काढला. एखादा जरी राहिला तरी लेव्हल खोटी येते म्हणाले. मग बैठकीच्या भिंतीवर फरशीपासून बरोबर एक मीटर उंचीवर खूण केली आणि नळीच्या आधाराने तीच पातळी घरभर फिरवली. प्रत्येक खोलीत, प्रत्येक दाराशी पेन्सिलची आडवी रेघ. मी मागोमाग टेप घेऊन रेघेपासून खाली फरशीपर्यंत मोजत गेले आणि आकडा तिथेच भिंतीवर लिहीत गेले. बैठकीत १०००, पॅसेजमध्ये ९९२, मागच्या खोलीत १०२१, सगळं मिलिमीटरमध्ये. आकडा जितका मोठा तितकी फरशी खाली. म्हणजे मागची खोली बैठकीपेक्षा २१ मिलिमीटरने खाली आणि मधला पॅसेज दोन्हींपेक्षा वर. आईला नडणाऱ्या चढाचं कारण भिंतीवर लिहिलेलं समोर होतं. नवी फरशी जुन्याच पातळ्यांवर बसवली असती तर टाइल्स बदलल्या असत्या आणि चढ तसाच राहिला असता.

आता नवी पातळी कोणती धरायची? इथे घरातल्या न हलणाऱ्या गोष्टी आधी बघाव्या लागतात. मुख्य दाराची चौकट, स्वयंपाकाचा ओटा, भिंतीतली कपाटं, बाथरूमचा नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जाण्याचं तोंड. दाराची फळी खालून तासता येते, ओटा तासता येत नाही. आम्ही मुख्य दाराशी असलेली पातळी कायम धरली आणि बाकी घर तिच्याशी जुळवायचं ठरवलं.

त्यावरूनच जुनी फरशी फोडायची की तिच्यावरच नवी चिकटवायची, हा प्रश्न सुटला. वरून बसवण्याचा मोह मलाही होता, कारण राडारोडा नाही, आवाज नाही, धूळ कमी. पण साधारण १० मिलिमीटरची टाइल आणि खाली ३-४ मिलिमीटर अॅढेसिव्ह (टाइल चिकटवायचा तयार मसाला), म्हणजे घर सगळीकडे सव्वा सेंटिमीटरहून जास्त वर येणार. दारं अडणार, ओटा तेवढा बुटका होणार आणि मुळातला चढउतार जसाच्या तसा वर येऊन बसणार. वजनाचाही प्रश्न असतो. १० मिलिमीटरची व्हिट्रिफाइड टाइल चौरस मीटरला २३ किलोच्या आसपास भरते, ते एक वेळ चालतं. पण पातळी जुळवायला ५० मिलिमीटर सिमेंट-वाळूचा थर दिला तर चौरस मीटरला सुमारे १०० किलो वाढतात. जुन्या फरशीवर असा थर चढवायचा तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नये.

शिवाय जुनी फरशी घट्ट असेल तरच वरून बसवण्यात अर्थ. मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने एकेक फरशी वाजवली. घट्ट बसलेली टणक आवाज देते, खालून सुटलेली पोकळ वाजते. पोकळ फरशीवर खडूने फुली. बैठकीचा मधला भाग आणि पॅसेज फुल्यांनी भरून गेला तेव्हा आणखी चर्चा करावी लागली नाही. फोडायचीच.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती फोडण्याच्या आधीच कळायला हवी. घर जुनं असेल, विशेषतः १९८०च्या आधीचं, आणि फरशी व्हिनाइलच्या चौकोनांची असून खाली काळा डांबरी गोंद असेल, तर त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. ते फोडायचंही नाही आणि घासायचंही नाही. आधी तपासून घ्यायचं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते बाथरूमने. बाथरूमची फरशी बाहेरच्यापेक्षा खाली हवी, नाहीतर पाणी बाहेर येतं. आणि आईसाठी तर पायरी नकोच. दोन्ही गोष्टी बरोबर आहेत आणि एकमेकींच्या आड येतात. मिस्त्री म्हणाले, "ताई, उंबरा तर ठेवावाच लागेल." मी म्हटलं, "ठेवा, पण त्याला दोन्ही बाजूंनी उतार द्या." बराच वेळ कागदावर खाडाखोड करून असं ठरलं: दारात १० मिलिमीटरचा दगडी उंबरा, कडा दोन्हीकडून तिरक्या घासलेल्या, म्हणजे पाय घसटत नेला तरी वर चढेल. आतला ढाळ दारापासून नहाणी ट्रॅपकडे, मीटरला साधारण १२ मिलिमीटर. आंघोळीची जागा दारापासून लांबच्या कोपऱ्यात, म्हणजे पाणी उंबऱ्यापर्यंत पोचतच नाही. वॉटरप्रूफिंगचा थर भिंतीवरही चढवायचा आणि टाइल लावण्याआधी निदान २४ तास पाणी तुंबवून ठेवून गळती बघायची, हे कामाच्या कागदावरच लिहून घेतलं. तोंडी ठरलेली पाणी भरण्याची चाचणी घाईत सर्वांत आधी गळते.

टाइल्सची निवड त्यामानाने लवकर आटोपली. पण खोक्यावर छापलेलं वाचायची सवय करून घ्या. बाथरूमसाठी आम्ही घसरण-रोधाचा दर्जा बघितला. आर ९ ते आर १३ हे आकडे तेल ओतलेल्या उतारावर बूट घालून चालून काढलेले असतात. अनवाणी आणि ओल्या पायांसाठी ए, बी, सी असे वेगळे दर्जे असतात, आणि बाथरूममध्ये आपण अनवाणीच असतो. दुसरी गोष्ट पाणी शोषण्याची. व्हिट्रिफाइड टाइल ०.५ टक्के किंवा त्याहून कमी पाणी शोषते, त्यामुळे सहज डागाळत नाही. पण त्याच कारणाने साधं पातळ कालवलेलं सिमेंटही तिला नीट धरत नाही. तिला पॉलिमर असलेलं अॅढेसिव्हच हवं, तेही दातेरी थापीने पूर्ण पाठीवर. चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून दाबलेली टाइल काही दिवसांनी पोकळ वाजायला लागते. तिसरी गोष्ट बॅच नंबर आणि शेड. सगळी खोकी एकाच बॅचची घेतली आणि गरजेपेक्षा दहा टक्के जास्त. तिरकी मांडणी असती तर पंधरा टक्के घेतली असती.

मोठ्या टाइल्सना खालचा पृष्ठभागही तेवढाच सपाट लागतो. ३८ सेंटिमीटरपेक्षा लांब कड असेल तर तीन मीटरच्या पट्टीखाली ३ मिलिमीटरहून जास्त फट दिसू नये, त्याहून लहान टाइलला ६ चालते. लांबट टाइल विटांसारखी अर्ध्यावर सरकवून लावायची पद्धत मुलीला आवडली होती, पण लांब टाइल मधोमध अगदी किंचित फुगीर असते. अर्ध्यावर सरकवली की एकीचा उंच मध्य दुसरीच्या खालच्या टोकाशी येतो आणि कडा पायाला लागतात. एक तृतीयांश सरकवून काम भागलं.

मांडणीचा नकाशा मी स्वतः चौकटीच्या कागदावर काढला. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण मोजले. ते सारखे आले नाहीत तर खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही, आणि तो फरक शेवटच्या ओळीत तिरक्या तुकड्याने उघडा पडतो. मधल्या रेघेपासून मांडणी धरली, म्हणजे दोन्ही भिंतींशी अर्ध्याहून मोठे तुकडे आले आणि पट्ट्या टळल्या. भिंतीलगत फट सोडून ती स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावायच्या पट्टीखाली, झाकायची, फरशी प्रसरण पावते त्याला जागा लागते.

क्रम असा ठरला: फोडणं आधी, मग नळ आणि वायरिंगची कामं, मग वॉटरप्रूफिंग, मग फरशी, रंगाचा शेवटचा हात सगळ्यानंतर. घर रिकामं करणं शक्य नव्हतं, म्हणून मागच्या खोलीपासून दाराकडे येत जायचं आणि आईची खोली मधोमध कधी रिकामी करायची, हे आधीच ठरवलं. धुळीला कमी लेखू नका. फरशी आणि सिमेंटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुफ्फुसात कायमची बसते. कटर पाण्याच्या धारेखालीच चालवायचा, कारागिरांनी नाकातोंडाला रुमाल न बांधता चांगला मास्क लावायचा, हे मी आग्रहाने सांगितलं आणि मास्क आणून दिले. उरलेल्या खोल्यांच्या दारांवर प्लास्टिक ताणून चारी बाजूंनी टेप मारली.

मिस्त्रींशी शेवटचं बोलणं एका थांब्याबद्दल झालं. फोडून, झाडून झालं की लगेच काही टाकायचं नाही. आम्ही उघडा स्लॅब बघणार: चिरा, ओल, पाइप, वायरिंगच्या नळ्या. ओलीची शंका असेल तिथे हातभर प्लास्टिक चारी कडांनी चिकटवून रात्रभर ठेवायचं, खाली दव धरलं तर आधी ओलीचा बंदोबस्त. आणि प्रत्येक पाइपशेजारी भिंतीपासून उलगडलेला टेप ठेवून फोटो काढायचे, म्हणजे पुढे कुणाला ड्रिल मारायचं झालं तर पाइप कुठून गेलाय ते बघता येईल. ते मान्य झाल्यावरच मी मागच्या खोलीची किल्ली त्यांच्या हातात दिली.