डबा नको, तुम्हीच या

शिरोळकडच्या एका काकांची फाईल माझ्याकडे आली. संडास तपासणीचे रिपोर्ट जुने-नवे, सगळ्यांवर एकच शेरा: जंत आढळले नाहीत. रक्तात मात्र इओसिनोफिल, म्हणजे जंत किंवा अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, 28 टक्के. एरवी 6 च्या आत असतात. पोटात कळा, अंगाला खाज, रात्रीचा खोकला. दमा समजून स्टेरॉइड सुरू करायचं ठरत होतं. त्याआधी डॉक्टरांनी एकदा आमच्या शाहूपुरीतल्या लॅबमध्ये धाडलं.

काकूंनी पिशवीतून डबा काढला. पहाटेचा नमुना, एसटीतून येईस्तोवर दुपार झालेली. मी तो घेतला नाही. शिळ्या नमुन्यात हुकवर्म या आतड्यातल्या जंताची अंडी फुटून अळ्या निघतात, मग कुठली अळी कुणाची हे ओळखताना डोकं उठतं.

“म्हंजे आता हितंच बसायचं व्हय?” काकू तडकल्या. चहा पाजून बसवून घेतलं.

ताज्या नमुन्याच्या पहिल्या स्लाइडवर काहीच नाही. इथेच ‘निल’ लिहून मोकळं होता येतं, आणि बहुतेकदा तसंच होतं. मी नरसाळं काढलं. खाली रबरी नळी, तिला चिमटा, वर गॉजवर नमुना, त्याला टेकेल इतकं कोमट पाणी. जिवंत अळ्या उबेला पाण्यात उतरतात आणि तळाशी जमतात. वास मारतो, वेळ जातो, पैसे तेवढेच. म्हणून हे कुणी करत नाही.

संध्याकाळी तळाचा थेंब घेतला. दहाच्या लेन्सखाली एक अळी नुसती वळवळत होती. आयोडीन सोडल्यावर निपचित पडली, तेव्हा तोंडाशी मोठ्या लेन्सनं पाहिलं. पोकळी आखूड. हुकवर्मची लांब असते. स्ट्राँगिलॉइडिस!

लगेच डॉक्टरांना फोन लावला. हा जंत शरीरातच स्वतःची नवी पिढी वाढवत वर्षानुवर्षं राहतो, अळ्या मात्र रोज संडासात पडतीलच असं नाही. त्यात स्टेरॉइड गेलं तर त्या बेसुमार वाढून फुप्फुसात, मेंदूतही पोचतात. माणूस हातचा जातो. स्टेरॉइड थांबलं. काका जंताची 400 मिलिग्रॅमची अल्बेंडाझोल अधूनमधून घेत होते, पण त्या एका गोळीला हा सहसा दाद देत नाही. डॉक्टरांनी आयव्हरमेक्टिन दिलं, किलोमागे 200 मायक्रोग्रॅम.

या अळ्या ओल्या मातीतून उघड्या पायाच्या कातडीतून आत शिरतात. म्हणून विचारलं, “काका, उसाला पाणी पाजताना पायात काय घालता?”

“रातच्याला दारं धरताना? काय न्हाई.”

“गंबूट?”

“चिखलात पाय निघतोय मॅडम, बूट न्हाई निघत.”

काकू म्हणाल्या, पोरं बी दारं धरत्यात. म्हटलं, घेऊन या त्यांनाही. डबा नको, तुम्हीच या.