भिंत दिसली का?

१९८६ साली मी नववीत असताना शाळेच्या प्रयोगशाळेत एकच चांगला सूक्ष्मदर्शक होता. कांद्याच्या पापुद्र्याची आकृती काढताना एका ठिकाणी मला दोन पेशींमधली भिंत दिसली नव्हती, पण पुस्तकात होती म्हणून मी ती काढली. बाईंनी वही परत देत विचारले, “इथे भिंत दिसली का तुला? पुन्हा बघ, आणि दिसेल तेच काढ.” स्क्रू हलके फिरवल्यावर ती भिंत किंचित खालच्या पातळीवर सापडली.

त्याच वर्षी ६ ऑगस्टला मुंबईच्या केईएम रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेतील डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून शरीराबाहेर फलित झालेल्या बीजापासून हे मूल जन्मले होते. बाईंनी ती बातमी वर्गात वाचून दाखवली, आणि मला काय शिकायचे आहे ते त्या तासाला ठरले.

पुढे माझे सारे संशोधन वारेवर, म्हणजे पोटात बाळाला पोसणाऱ्या आणि बाळंतपणानंतर बाहेर पडणाऱ्या अवयवावर (प्लॅसेंटा) झाले. आमच्या आजीच्या काळी बाळंतपणानंतर वार परसात पुरत असत. मी मात्र आईची लेखी संमती घेऊन, वार बर्फात ठेवून धावतपळत प्रयोगशाळेत आणत असे. वारेच्या झुबक्यांवरचा सर्वांत बाहेरचा थर आईच्या रक्तात न्हात असतो. तोच बाळाला प्राणवायू व अन्न पोहोचवतो, आणि घरगुती चाचणीत लघवीत सापडणारे गर्भधारणेचे संप्रेरकही तोच बनवतो. दिवस भरताना त्याचा पृष्ठभाग सुमारे १२ चौरस मीटर होतो, तरी त्यात पेशींच्या भिंती नाहीत, कारण आतल्या पेशी एकमेकींत विरघळून असंख्य केंद्रकांचा एकच अखंड पदर तयार होतो.

या पेशी एकजीव कशा होतात, याचे उत्तर २००० साली मिळाले, तेव्हा मी पीएच.डी. करत होते. तो शोधनिबंध मी एका रात्रीत तीनदा वाचला. २.५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या जनुकसंचात शिरलेल्या एका विषाणूचे जनुक वारेत जागे होते, आणि त्यापासून बनणारे सिन्सिटिन हे प्रथिन पेशींची आवरणे जुळवते. उंदरांमध्ये असेच काम करणारे, पण दुसऱ्याच विषाणूकडून आलेले जनुक काढून टाकले, तर पिल्ले पोटातच दगावतात, हे २००९ साली सिद्ध झाले. इतके आश्चर्यकारक काही मी त्यानंतर वाचलेले नाही.

त्याच काळात माझ्याकडून मोठी चूक झाली. एकमेकींवर चढलेल्या पेशी मी एकजीव झालेल्या म्हणून मोजल्या आणि आठ महिन्यांचे आकडे बाद करावे लागले. त्यानंतर निम्म्या पेशी हिरव्या आणि निम्म्या लाल रंगवून एकत्र वाढवायच्या, आणि दोन्ही रंग एकाच आवरणात दिसले तरच मोजायचे, हा नेम मी कधी मोडला नाही. गर्भारपणी रक्तदाब वाढून आई व बाळ दोघांच्या जिवावर बेतते, त्या विकारात हाच थर खालावलेला आढळतो. अशा आईच्या वारेचा तुकडा समोर असताना अंदाजाने मोजणे मला अपराध वाटतो.

शाळेच्या या सुवर्णमहोत्सवानिमित्त वारेच्या झुबक्याची एक कायमस्वरूपी स्लाइड शाळेला पाठवत आहे. ती कांद्याच्या स्लाइडशेजारी ठेवावी, आणि मुलांनी आकृती काढून झाल्यावरच सोबतची चिठ्ठी उघडावी.

— १९८८ च्या दहावीच्या तुकडीतील एक विद्यार्थिनी