एन्झाइमवर आळ

आमच्या धंद्यात कोंबडी वजनाला मागे पडली की पहिला आळ खाद्यात पचनासाठी घातलेल्या एन्झाइमवर येतो. टनाला शंभर-दोनशे ग्रॅम पडणारी पावडर, तिची बाजू कोण घेणार? जत भागातल्या त्या शेडवर पोचलो तेव्हा सुपरवायझरनं निकाल देऊनच ठेवला होता. "सर, झायलनेज बोगस आलंय." झायलनेज म्हणजे त्यातलंच एक एन्झाइम.

बावीस दिवसांचा पक्षी किलोच्या आसपास हवा, इथे आठशे ग्रॅमही भरत नव्हता. शेडमध्ये खाली अंथरलेलं तूस मुठीत दाबलं की गोळा व्हायचा. चुना मारून, तूस खालीवर करून शेतकरी थकले होते. "साहेब, पाणी लय पित्यात," एवढंच म्हणाले. सुपरवायझरच्या सगळ्या रिपोर्टांपेक्षा हे कामाचं होतं. झायलनेज कमी पडलं तर गव्हातला चिकटपणा तुटत नाही आणि विष्ठा चिकट येते. ही पाण्यासारखी होती. म्हणजे गडबड खाद्यातल्या दुसऱ्याच कशात तरी होती.

तडक कंपनीच्या खाद्याच्या मिलवर गेलो. डिसेंबर २०२३ मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध आले, डिस्टिलऱ्या मक्याकडे वळल्या, मका महागला, आणि खाद्याच्या फॉर्म्युल्यात डीडीजीएस, म्हणजे धान्याचं इथेनॉल काढल्यावर उरणारा वाळवलेला चोथा, वाढत गेलं. या खेपेला तांदळाचं डीडीजीएस नव्या व्यापाऱ्याकडून आलेलं, टनामागे बऱ्यापैकी स्वस्त. प्रथिनं ४६ टक्के, रिपोर्ट चोख. खरेदीवाले खूश, त्यांना आकडा दिसला की माल बघावा लागत नाही.

पण लॅब प्रथिनं मोजतच नाही. नायट्रोजन मोजते आणि ६.२५ नं गुणते. शंभर किलोत दोन किलो युरिया मिसळला की प्रथिनांचा आकडा पाच-सहा टक्क्यांनी चढतो. गाय-म्हैस तो थोडाफार वापरते, कोंबडीला त्याचा काही उपयोग नाही.

सोया पेंड नीट शिजली का, हे आम्ही रोज युरिया घालून बघतो. कच्च्या सोयातलं युरिएज युरियाचा अमोनिया करतं. तीच चाचणी उलटी लावली. डीडीजीएस कोमट पाण्यात भिजवलं, कच्च्या सोयाचं पीठ आणि फिनॉल रेडचे थेंब टाकले; अमोनिया झाला की हा रंग पिवळ्याचा गुलाबी होतो. शेजारी जुन्या खेपेचं डीडीजीएस, तसंच. जुनी बाटली पिवळी राहिली. नवी अर्ध्या तासात गुलाबी झाली, आणि झाकण काढताच नाकात अमोनिया.

वर गंमत अशी, की फॉर्म्युल्यात प्रोटीएज या प्रथिनं पचवणाऱ्या एन्झाइमचं क्रेडिट आधीच वजा केलेलं. म्हणजे एन्झाइम अमुक इतकी प्रथिनं जास्त पचवून देणार, असं धरून सोया कमी केलेली. पचवायला प्रथिनं तर हवीत!

तूस ओलं व्हायला एकटा युरिया पुरेसा होता का, हे अजून डोक्यात घोळतंय. डिस्टिलरीतलं कॉस्टिक सोडा चोथ्यात उतरतं आणि सोडियम वाढलं तरी पक्षी पाणी जास्त पितो, म्हणून नमुना सोडियमसाठीही पाठवलाय. उरलेला माल परत गेला. खाद्य कंपनीचं असलं तरी एफसीआर (किलोभर वजनामागे लागलेलं खाद्य) बिघडल्याची कपात शेतकऱ्याच्या रिअरिंग चार्जमधून, म्हणजे पक्षी वाढवण्याच्या मोबदल्यातून, झालीच. मी लेखी हरकत घेतली आहे. ऑफिसातून उत्तर आलं: कपातीचं नंतर बघू, तोवर पुढच्या बॅचला एन्झाइमची कंपनी बदलून पाहा.