कोटेशनमधलं ‘इटालियन’

‘हॉल : इटालियन, ४२० चौरस फूट.’ कोटेशनमध्ये एवढंच लिहिलं होतं, आणि त्या दिवशी साइटवर त्याचे तीन अर्थ निघाले. मालकांना इटलीचा दगड हवा होता. मालकीणबाईंच्या मनात इटालियन म्हणजे शोरूममधली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल. टेम्पोतून उतरला तो क्रेमा मार्फिल, म्हणजे स्पेनचा.

दुकानदार फसवत नव्हता. फरशीच्या धंद्यात बाहेरून येणारा बहुतेक मार्बल ‘इटालियन’च. ग्रीसचा व्होलाकासही त्यातच. खरे इटलीचे म्हणाल तर कॅरारा गावचा स्टॅच्युआरिओ, ब्रेशियाजवळचा बॉटिचिनो. आमचा पॉलिशवाला बनारसकडचा. तो हसत म्हणाला, “साब, हमारे यहाँ ईंट पे बैठाके हजामत करते हैं, वो भी इटालियन सलून!”

टाइल आणि दगड ओळखायला कड बघावी. मार्बलची शीर जाडीतून आरपार जाते, टाइलची नक्षी वरच्या थरातच संपते. तरी शंका असेल तर तुकड्यावर लिंबाचे दोन थेंब टाकून दहा मिनिटं थांबायचं. मार्बल तिथे निस्तेज होतो, टाइलला काही होत नाही. म्हणूनच इटालियन ओट्याला नको, तिथे ग्रॅनाइट बरा. आणि काम संपल्यावर फरशीवर ॲसिड मारायची सवय असलेला माणूस या खोलीत शिरू द्यायचा नाही.

बसवताना घोटाळा होतो तो बहुधा स्लॅबच्या पाठीवरच्या जाळीमुळे. १६ ते १८ मिमीचा दगड प्रवासात तडकू नये म्हणून ती रेझिनने चिकटवलेली असते. तशीच ठेवून सिमेंटवर टाकली तर पकड येत नाही, आणि पुढे ठोकलं की पोकळ आवाज येतो. आम्ही ती घासून काढतो आणि दगडाखाली पांढऱ्या सिमेंटची स्लरी, म्हणजे पातळ रबडी, देतो. करड्या सिमेंटची झाक फिक्या दगडातून वर दिसते. पॉलिश सगळ्यात शेवटी, रंगकाम उरकल्यावर. तोवर वर प्लास्टिक आणि त्यावर पीओपीचा थर.

मालकांनी अखेर स्पेनचाच ठेवला. कोटेशन मात्र तिथेच बसून नव्याने लिहिलं : क्रेमा मार्फिल, स्पेन, १८ मिमी, एकाच लॉटच्या स्लॅब, तुटफूट धरून ४८० चौरस फूट. ‘इटालियन’ शब्द खोडला.