गुडघा आत पडतो, तिथेच थांबवा

खो-खोत खांबाजवळ झटकन वळताना, कबड्डीत बोनस घेऊन माघारी फिरताना, फुटबॉलमध्ये हेडर मारून एका पायावर उतरताना गुडघा जातो. पुष्कळदा कुणाचा धक्काही लागलेला नसतो. गुडघ्याच्या आत तिरका जाणारा जो लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा चिवट पट्टा, फाटतो, त्याला एसीएल म्हणतात. ओस्लोच्या संशोधकांनी हँडबॉल आणि बास्केटबॉलमधल्या अशा दुखापतींचे व्हिडिओ चौकटीचौकटीने तपासले, तेव्हा पाय जमिनीला टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांत इजा होऊन जाते असं दिसलं. समोरची गोष्ट पाहून जाणूनबुजून स्नायू आवळायला माणसाला १५० मिलिसेकंद तरी लागतात. म्हणजे ‘सांभाळून उतर रे’ असं बाहेरून ओरडून काही होत नाही. पाय टेकण्याआधीच मांडीचे आणि नितंबाचे स्नायू तयार असावे लागतात आणि ती तयारी सरावानेच अंगवळणी पडते. याच सरावाला न्यूरोमस्क्युलर ट्रेनिंग म्हणतात.

आपल्याकडे बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून अथणीपर्यंत बहुतेक शाळांच्या मैदानांवर वॉर्म-अप एकाच ठरलेल्या पद्धतीने होतो. मैदानाला चार फेऱ्या, मग गोल करून उभं राहायचं, वाकून अंगठे धरायचे, की खेळ सुरू. फेऱ्यांनी अंग गरम होतं, तेवढा फायदा खरा. पण नुसतं ताणून धरण्याने दुखापत टळत नाही. ऑस्ट्रेलियन सैन्यातल्या १,५३८ नव्या जवानांवर १२ आठवडे प्रयोग झाला, तो २००० साली प्रसिद्ध झाला. व्यायामाआधी पायाचे स्नायू ताणणारे आणि न ताणणारे यांच्या दुखापतींत दखल घेण्याजोगा फरक पडला नाही.

फरक पडला तो दुसऱ्या प्रकारच्या वॉर्म-अपने. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या १,८९२ फुटबॉलपटू मुलींवर झालेला अभ्यास २००८ मध्ये आला. ‘११ प्लस’ नावाचा २० मिनिटांचा कार्यक्रम करणाऱ्या संघांत एकूण दुखापती साधारण तीस टक्क्यांनी कमी झाल्या, गंभीर दुखापती त्याहून जास्त. स्वीडनमध्ये १२ ते १७ वयाच्या साडेचार हजारांवर फुटबॉलपटू मुलींवर अभ्यास झाला. त्यांपैकी ज्या संघांनी आठवड्यातून दोनदा १५ मिनिटांचा असाच सराव केला, त्यांच्यात एसीएलच्या दुखापती इतरांपेक्षा ६४ टक्क्यांनी कमी झाल्या. मुलींचा उल्लेख वारंवार येतो त्याला कारण आहे. एकाच खेळात मुलग्यांपेक्षा मुलींचा एसीएल फाटण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त असतं. म्हणून माध्यमिक शाळेत खो-खोचा मुलींचा संघ असेल, तर हा सराव आधी तिथे सुरू व्हावा, असं माझं स्पष्ट मत आहे. आकडे फुटबॉलचे असले तरी थांबणं, वळणं आणि उतरणं खो-खोतही तेच आहे.

‘११ प्लस’च्या २० मिनिटांचे तीन भाग पडतात. पहिली ८ मिनिटं हळू धावण्याची. पाच-सहा मीटर अंतरावर खुणांच्या सहा जोड्या लावायच्या. खुणेसाठी प्लास्टिकचे शंकू (कोन) नसतील तर पाण्याच्या बाटल्यांत माती भरून ठेवा, वीट मात्र ठेवू नका, पाय त्यावर पडला की घोटा गेलाच. या जोड्यांमधून दोघादोघांनी सरळ धावणं, गुडघा उचलून खुबा बाहेर आणि आत फिरवणं, जोडीदाराभोवती आडव्या पावलांनी फिरणं, हवेत खांद्याला खांदा लावणं, पुढे-मागे झटपट धावणं. मधली १० मिनिटं महत्त्वाची, त्यांच्याबद्दल पुढे लिहितो. शेवटची २ मिनिटं ७५-८० टक्के वेगाने मैदानभर धावणं, मग ढांगा टाकत उड्या आणि पाय रोवून दिशा बदलणं.

मधल्या भागात प्लँक येतो. कोपरांवर शरीर सरळ, २० ते ३० सेकंद, तीनदा. तसाच कुशीवरचा, दोन्ही बाजूंनी. मग एका पायावर उभं राहणं, प्रत्येक पायावर ३० सेकंद दोनदा. हे जमलं की त्याच अवस्थेत जोडीदाराशी चेंडू झेलायचा आणि तेही जमलं की त्याने खांद्याला हलकेच ढकलायचं. मग स्क्वॉट आणि उड्या, प्रत्येकी ३० सेकंद दोनदा. उडीत उंची मोजायची नाही. उतरताना आवाज किती होतो ते ऐका. टाचा ‘धप्’ आपटल्या तर गुडघे ताठ आहेत. चवड्यांवर हलकं उतरून खुबा, गुडघा, घोटा तिन्ही वाकले पाहिजेत.

आता मुख्य गोष्ट. मुलाच्या समोर उभे राहा आणि त्याला एका पायावर अर्धं बसायला सांगा. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहते की आत, दुसऱ्या पायाकडे पडते, ते पाहा. कंबर एका बाजूला लोंबते का तेही पाहा. गुडघा आत पडतो तेव्हा दोष बहुधा गुडघ्यात नसून वर खुब्याच्या बाजूच्या स्नायूंत असतो. ते मांडीला बाहेर धरून ठेवू शकत नाहीत. आणि गुडघा असा आत पडलेला असतानाच सगळं वजन त्याच्यावर आलं, की एसीएलवर ताण येतो. मोबाईलवर स्लो-मोशन व्हिडिओ काढून त्याच जागी मुलाला दाखवा. ‘गुडघा बाहेर ठेव’ असं दहादा सांगण्यापेक्षा एकदा पाहिलेलं लवकर कळतं. चूक दिसताक्षणी तो व्यायाम थांबवून एक पायरी खाली उतरायचं: एका पायाऐवजी दोन पाय, उडीऐवजी नुसता स्क्वॉट. आत पडलेल्या गुडघ्याने शंभर उड्या मारल्या तर शंभरदा चुकीचंच शिकवलं जातं. ही सुधारणा करणारा माणूस नसेल तर हा सगळा कार्यक्रम निव्वळ कवायत होतो.

बेळगाव भागात तालमीची पोरं पुष्कळ, त्यामुळे ‘आम्ही रोज पाचशे बैठका मारतो’ हे उत्तर नेहमी येतं. बैठकांनी मांडीची पुढची बाजू दणकट होते. पण बैठक दोन्ही पायांवर, एकाच जागी, एकाच लयीत असते. एका पायावर अचानक थांबण्याचा सराव तिच्यात होत नाही आणि मांडीच्या मागच्या बाजूला, हॅमस्ट्रिंगला, तिच्यातून फारसं काही मिळत नाही. गुडघा जवळजवळ सरळ असताना पुढचा स्नायू नडगीचं हाड पुढे ओढतो, मागचा त्याला धरून ठेवतो. पुढची बाजूच तगडी केली तर हा तोल बिघडतो. बैठका सोडू नका, मागची बाजू जोडा.

त्यासाठी नॉर्डिक हॅमस्ट्रिंग. गुडघे घोंगडीवर किंवा आखाड्याच्या मऊ मातीवर टेकायचे, जोडीदाराने मागून दोन्ही घोटे घट्ट दाबून धरायचे. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अंग फळीसारखं सरळ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे झुकायचं, तोल सुटला की हातांवर पडायचं आणि हातांनीच ढकलून परत यायचं. सगळा फायदा खाली जातानाच्या भागात आहे. नेहमीची चूक म्हणजे कंबरेत वाकणं. मग स्नायूला कामच राहत नाही. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, ५ चे दोन सेट. दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस, ६ चे दोन. तिसऱ्यापासून तीन दिवस आणि तीन सेट, चौथ्यात ८ ते १०. पाचव्या ते दहाव्या आठवड्यापर्यंत तीन सेट अनुक्रमे १२, १० आणि ८ चे. डेन्मार्कमध्ये ९४२ फुटबॉलपटूंवर जवळपास याच वेळापत्रकाने अभ्यास झाला होता. हॅमस्ट्रिंगच्या दुखापती या व्यायामाने निम्म्यावर येतात, हे नंतर अनेक अभ्यास एकत्र करून दिसलं. पहिल्याच दिवशी १२ चे तीन सेट करवले तर दोन दिवस जिना उतरता येणार नाही आणि पोरं परत हा व्यायाम करणार नाहीत. सामन्याच्या आदल्या दिवशीही नको.

दहा आठवडे म्हटल्यावर वेळापत्रक पाहावं लागतं. जूनच्या सुरुवातीला शाळा उघडते आणि तालुका पातळीच्या स्पर्धा ऑगस्ट-सप्टेंबरात येतात. म्हणजे सुरुवात जूनच्या पहिल्या आठवड्यातच हवी, नेमक्या त्याच वेळी पाऊस धरतो. खानापूर तालुक्यात तर मैदान महिनोन् महिने वापरण्याजोगं नसतं. प्लँक, एका पायाचा तोल, स्क्वॉट आणि नॉर्डिक शाळेच्या व्हरांड्यात होतात. उड्या आणि वळणं ओल्या फरशीवर अजिबात नकोत. त्यासाठी सभागृह किंवा उघडीप मिळेल तो दिवस. अथणी-रायबागकडच्या काळ्या मातीत वेगळा धोका असतो. ओली माती पाय धरून ठेवते आणि अंग मात्र वळतं. गुडघ्याला पाय घसरण्यापेक्षा हे वाईट. तिथे पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवस दिशा बदलण्याचा सराव थांबवा.

हा सराव बंद कधी पडतो? स्पर्धा सुरू झाल्या की. ‘आता सामने आहेत, वेळ नाही’ म्हणून पहिली काट याच २० मिनिटांवर चालते. ‘११ प्लस’च्या आधी ‘११’ नावाचा जुना कार्यक्रम होता. नॉर्वेतल्या मुलींवरच तो तपासला गेला आणि काही परिणाम दिसला नाही. मोठं कारण हेच, की बहुतेक संघांनी तो पुरेसा केलाच नाही. हंगामभर आठवड्यातून दोनदा हे किमान. सामन्याच्या दिवशी फक्त धावण्याचे दोन भाग घ्यायचे, मधला वगळायचा.

ज्याचा घोटा एकदा मुरगळला आहे त्याला सगळ्यात जास्त सांभाळा, कारण परत तोच मुरगळण्याचा धोका मोठा असतो. सूज उतरली, चालता येऊ लागलं, की पोरं थेट मैदानात येतात. लिगामेंटबरोबर तिथली जाणीवही बिघडलेली असते. पाय वाकडा पडतोय हे मेंदूला उशिरा कळतं. नेदरलँड्समध्ये ५२२ खेळाडूंना बरं झाल्यावर ८ आठवडे घरीच तोल साधण्याचे व्यायाम दिले की नाही, एवढाच फरक ठेवला. वर्षभरात पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण व्यायाम न केलेल्यांत ३३ टक्के होतं, केलेल्यांत २२. व्यायाम साधा आहे. आठवड्यातून तीन दिवस, एका पायावर उभं राहणं. आधी सपाट जमिनीवर, मग डोळे मिटून, मग घडी घातलेल्या चादरीवर, शेवटी चेंडू झेलत. दुसऱ्या पायाइतकं स्थिर उभं राहता आलं आणि दुखऱ्या पायावर न दुखता दहा उड्या मारता आल्या, की मग पूर्ण खेळ.

गुडघ्यात ‘कट’ असा आवाज आला आणि दोन-चार तासांत तो टम्म सुजला, तर मात्र चोळू नका, तेल लावून ओढू नका. आतमध्ये रक्त साचलेलं असतं. अशा सुजेत एसीएल फाटल्याची शक्यता मोठी. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवा, दाबपट्टी बांधा, पाय उंच ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे न्या.