पाऊणपटीचा हिशेब

नवरात्रात, षष्ठीच्या सकाळी, मी अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर जवळजवळ चार तास काढले आणि वही कोरीच राहिली. पक्षी होते, शेकड्यांनी होते. पण मी सातला पोहोचले तेव्हा पाणी उतरत होतं आणि पाण्याच्या कडेने चरणारे थवेही त्याच्यासोबत लांब लांब जात होते. नऊ वाजेपर्यंत दुर्बिणीत नुसते ठिपके उरले. ऊन तापलं तसे तेही थरथरायला लागले.

ओल्या वाळूत खुबे वेचणारी एक कोळीण मावशी माझ्याकडे बराच वेळ पाहत होती. शेवटी तीच म्हणाली, "पानी मागं चाललंय पोरी, पाखरं कशाला थांबतील? तिथ बघून येत जा." मग तिने हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, भरती कितीला भरणार ते कळतं. षष्ठी म्हणजे सहाची पाऊणपट, साडेचार. पहाटे साडेचारला समुद्र भरून गेला होता, मी आले ती ओहोटीत. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, त्याचा हा तोंडी आडाखा. मी तोवर फक्त सूर्योदयाची वेळ बघून निघायचे. जंगलात ते चालतं, किनाऱ्यावर नाही.

घरी कालनिर्णय काढून बसले. सकाळी उजेड असताना पाणी चढत हवं, म्हणजे भरती दहा-साडेदहाच्या सुमारास भरायला हवी. चौदाची पाऊणपट साडेदहा. आश्विनातली वद्य चतुर्दशी म्हणजे नरक चतुर्दशी! आजोळ नागावला, तेव्हा दिवाळीला जायचं ठरलेलंच होतं. भरतीच्या तक्त्यातली वेळ अर्ध्या तासाने पुढे निघाली, एवढा फरक मला चालण्यासारखा होता.

त्या दिवशी पहाटे उटणं, अभ्यंगस्नान, अंगणात पायाच्या अंगठ्याने कारीट फोडणं, सगळं झालं. आजीने डब्यात चकल्या भरून दिल्या आणि मामाने सव्वासातला सुरूच्या बनापाशी सोडलं. आक्षीचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळचा सूर्य पाठीमागे राहतो आणि पक्ष्यांवर थेट उजेड पडतो. मी वाळूवर बसून घेतलं. हालले नाही. पाणी चढत गेलं तशी वाळूची पट्टी अरुंद होत गेली आणि थवे आपणहून माझ्याकडे सरकू लागले.

सगळ्यांत आधी आले सँडरलिंग. लाट परतली की तिच्यामागे धावायचं, चोच खुपसायची, पुढची लाट आली की उलटं पळायचं. आर्क्टिकच्या टुंड्रावर वीण करणारा हा मूठभर जीव तिथून इथवर येतो. त्याला पायाचं मागचं बोट नसतं, आणि तो धावताना पाहिला की तशा बोटाची त्याला गरजच नसावी असं मला वाटलं.

खरी परीक्षा चिखल्या पक्ष्यांच्या ओळखीची होती. केंटिश चिखल्या सोपा, मानेमागे पांढरी पट्टी असते. वाळूचिखल्यांना ती नसते. त्यांच्यात लहान आणि मोठा असे दोन. उन्हाळ्यात छातीवर चढणारा तांबूस रंग ऑक्टोबरात उतरलेला असतो, दोघेही मातकट करडे. मग चोच बघायची: मोठ्याची लांब आणि दणकट, लहानाची आखूड. मोठ्याचे पायही लांब आणि बहुधा फिकट पिवळसर-हिरवे. पुस्तकात हे दहा वेळा वाचलं होतं. पण दोघे शेजारी शेजारी, वीस पावलांवर उभे राहिले तेव्हाच ते डोळ्यांत बसलं. लहान वाळूचिखल्या तिबेटच्या पठारावर आणि आपल्या लडाखातही वीण करतो. हिमालय ओलांडून आलेला पक्षी माझ्यासमोर एका पायावर उभा राहून डुलकी घेत होता.

साडेनऊपर्यंत सगळा थवा कोरड्या वाळूच्या शेवटच्या पट्टीवर दाटून बसला. बहुतेक झोपलेले, चोची पाठीच्या पिसांत. मी मोजायला घेतलं. दोनशे दहापर्यंत पोहोचले असेन, तोच किनाऱ्यावरून एक जीप भरधाव आली. थवा एकदम उठला, समुद्रावर वळला, उन्हात एकदा पांढरा चमकला आणि परत उतरायला जागा शोधत राहिला. तीन घिरट्या मी मोजल्या. भरतीच्या वेळी त्यांना खायला जागा नसते, विश्रांतीपुरती एवढीच पट्टी उरते, आणि हजारो किलोमीटरच्या प्रवासात झिजलेलं अंग याच विश्रांतीत भरून यायचं असतं. माझा जीव तुटला. जीप निघून गेल्यावर थवा बराच दक्षिणेला उतरला. मी मागे गेले नाही. मी गेले असते तर चौथी घिरटी माझ्यामुळे झाली असती.

बनाच्या सावलीत बसून नोंद पुरी केली. सँडरलिंग ३८, केंटिश चिखल्या ५२, लहान वाळूचिखल्या ४७, मोठा वाळूचिखल्या ९. उरलेले ६४ झोपेत चोच लपवून बसलेले. त्यांच्यापुढे 'लहान किंवा मोठा वाळूचिखल्या' एवढंच लिहिलं. वर्षभरापूर्वी मी त्यांनाही अंदाजाने नाव देऊन टाकलं असतं.

निघताना मावशीला शोधलं, चकल्या द्यायच्या होत्या. पण चढत्या पाण्यात खुबे कोण वेचणार? डबा तसाच घेऊन मामाची वाट बघत उभी राहिले आणि पुढच्या तेरस-चतुर्दशीला कोणता वार येतो ते बोटांवर मोजत बसले.