हातच्याची वजाबाकी घरी कशी जमली (माझा अनुभव)

मुलगी तिसरीत आहे. बेरीज झकास यायची, पण हातच्याची वजाबाकी आली की गाडी अडायची. ५२ वजा २७ चं उत्तर ३५, कारण २ मधून ७ जात नाहीत म्हटल्यावर ती सरळ ७ मधून २ काढायची. हे खूप मुलांचं होतं बरं का, प्रथम संस्थेच्या 'असर' पाहणीत अशीच दोन अंकी हातच्याची वजाबाकी देतात आणि २०२४ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या तिसरीच्या मुलांपैकी जेमतेम एक तृतीयांश मुलांना ती आली होती, म्हणजे पोर ढ आहे वगैरे अजिबात मनात आणू नका.

आम्ही वही बाजूला ठेवली. खराट्याच्या काड्या तोडून दहा-दहाचे गठ्ठे रबरबँडने बांधले. ५२ म्हणजे पाच गठ्ठे नि दोन सुट्या. म्हटलं, यातल्या २७ मला दे. दोन गठ्ठे लगेच दिले, पुढे सात सुट्या हव्यात तर हातात दोनच, मग बराच वेळ नुसती बघत बसली, मी गप्प राहिले (हे फार अवघड जातं हो, पण राहाच), शेवटी स्वतःच म्हणाली, "आई, एक गठ्ठा सोडू का?" सोडला, बारा सुट्या झाल्या, सात दिल्या, उरले २५. हातचा घेतो म्हणजे नेमकं काय करतो ते तिला तिथे दिसलं.

पुढे काड्यांऐवजी वहीत रेघा नि टिंबं काढली, रेघ म्हणजे दशक, टिंब म्हणजे एकक, आणि मग फक्त अंक. घाई करून थेट अंकांवर जाऊ नका, मधली ही पायरी महत्त्वाची आहे.

४०३ वजा १६८ सारख्या गणितात मधलं शून्य छळतं. तिथे खेळातल्या नोटा कामाला आल्या. शंभराची एक मोडून दहाच्या दहा, त्यातली एक मोडून सुटे, म्हणून शून्याच्या जागी ९ राहतात. उत्तर २३५. आणि प्रत्येक वेळी ताळा करायचाच, २३५ अधिक १६८.

आता भागाकार चालू आहे. ८४ भागिले ३ ला आठ गठ्ठे तिघांत वाटले, दोन उरले, ते तिने न विचारता सोडले.